समासातला प्रश्न

कचेरीत बाईंना सगळे बाईच म्हणायचे, पण पाठीमागे त्यांचं नाव प्रश्नचिन्ह होतं. हे नाव कोणी ठेवलं याचा त्यांना संशय होता आणि तो माझ्यावर होता. पुरावा नव्हता, म्हणून गप्प होत्या. पण मी चहाचा कप उचलला की चष्म्यावरून अशा बघायच्या की चहा घशातच अडकावा.

आमची प्रकाशनसंस्था लहान, पुस्तकंही लहान मुलांचीच. पुढच्या खोलीत मालक, मागच्या खोलीत आम्ही तिघं. खिडकीशी मी, चित्रं काढणारा. दाराशी ऑपरेटर, मजकूर टाइप करून पानं लावणारा. आणि मधोमध, दोघांवरही नजर राहील अशा बेताने, बाई. आलेली हस्तलिखितं वाचायची आणि छापण्याआधी मुद्रितं तपासायची, हे त्यांचं काम. ते त्या डोळ्यांत तेल घालून करायच्या. इतकं तेल की शेजारी बसणाऱ्याचे डोळे चुरचुरावेत.

चूक दिसली की त्या सरळ दुरुस्त करत. पण जिथे मनात पाल चुकचुकली, तिथे समासात पेन्सिलीने प्रश्न लिहीत आणि त्याभोवती गोल काढत. गोल म्हणजे हे लेखकाला विचारायचं आहे, टाइप करायचं नाही. आमच्या खोलीचा सगळा कारभार त्या गोलावर चालायचा, कारण ऑपरेटर वाचत नसे. ही चेष्टा नाही. तो स्वतःच छातीठोकपणे सांगायचा, "मी वाचत नाही, टाइप करतो. वाचायला लागलो की चुका होतात." गोलातलं सोडायचं, गोलाबाहेरचं घ्यायचं, एवढं त्याला पक्कं ठाऊक होतं. रडण्याचा प्रसंग असो की राक्षसाचा, त्याची बोटं एकाच चालीने चालायची.

बाईंचा संशय कामापुरता असता तर मी काही बोललो नसतो. पण चहा आला की त्या आधी कपात बघायच्या, मग चहावाल्याकडे, आणि मग प्यायच्या. संध्याकाळी कुलूप लावलं की ओढून बघायच्या, जिन्यावरून परत येऊन पुन्हा ओढायच्या आणि रस्त्यावर पोचल्यावर मला म्हणायच्या, "तुम्ही वर जाऊन एकदा बघून या ना." मी जायचो. न जाऊन सांगतो कोणाला? शब्दकोशात बघा म्हटलं तर म्हणायच्या, "शब्दकोशाचं मुद्रितही कोणीतरी तपासलंच असेल ना? त्या दिवशी त्याचं डोकं दुखत असेल तर?"

त्या धाकट्या बहिणीच्या घरी राहायच्या. बहीण हसतमुख, मेहुणे मितभाषी. एकदा बाई आजारी होत्या म्हणून मी काही पानं घेऊन घरी गेलो, तेव्हा बहिणीनेच सांगितलं की ताईचं एकदा लग्न ठरत आलं होतं. मुलाने पत्र लिहिलं होतं, फार सुंदर. ताईने वाचलं आणि पुढच्या भेटीत विचारलं, "हे तुम्हीच लिहिलंत?" तो चाचरला. पत्र मित्राने लिहून दिलं होतं. तिथेच सगळं संपलं.

"विचारलं नसतं तर?" मी म्हटलं.

"तर आज सुखात असती," बहीण म्हणाली. मेहुणे पेपरातून डोकं न काढता म्हणाले, "किंवा मित्राला शोधत असती." आतल्या खोलीतून बाईंचा आवाज आला, "काय बोलताय रे माझ्याबद्दल?"

आता मूळ गोष्टीकडे येतो. काही वर्षांपूर्वी आम्ही नऊ वर्षांच्या एका मुलीच्या कवितांचं पुस्तक काढलं. कवितांमध्ये शुद्धलेखनाच्या गोड गोड चुका होत्या आणि त्या पाहून बाई विरघळल्या. त्यांनी समासात एकही प्रश्न लिहिला नाही. पुस्तक निघालं, समारंभ झाला, मुलीला व्यासपीठावर एक ओळ म्हणायला सांगितली तर तिने वडिलांकडे बघितलं. वडील ओठ हलवत होते. दुसऱ्या दिवशी पेपरात आमची जी शोभा झाली ती विचारू नका. चुकाही वडिलांनीच घातलेल्या होत्या, मापून मापून. परत आलेल्या प्रतींचे गठ्ठे आमच्या टेबलांखाली येऊन पडले. मी त्यावर पाय ठेवून बसायचो. बाई मात्र पाय आखडून बसायच्या, गठ्ठ्याला लागणार नाहीत असे. त्यांनी तेव्हापासून कानाला खडा लावला होता.

आणि अशात ती कादंबरी आली. लिहिणारी बारा वर्षांची.

कादंबरीचं नाव 'परत आलेली गोष्ट'. त्यात एक बुटकी, गोल चेहऱ्याची मुलगी होती, सगळे तिला बटण म्हणायचे. ती एक गोष्ट लिहिते आणि ती छापून आणायला दारोदार हिंडते. कोणी हसतं, कोणी गालगुच्चा घेतं, कोणी आईला बोलावून आण म्हणतं. गोष्ट कोणी वाचत मात्र नाही. मी चित्रांसाठी म्हणून चाळायला घेतली आणि चहा गार झाला तरी वर बघितलं नाही.

बाईंनीही वाचली. एका ओळीखाली त्यांनी रेघ मारली आणि कागद माझ्यापुढे सरकवला. ओळ अशी होती: 'बाबा हसले, पण ते हसू खोलीत आलं, बसायला जागा नाही असं पाहून परत गेलं.'

"वा!" मी म्हटलं.

"वा काय? बारा वर्षांची मुलगी हे लिहील?"

"लिहिलंय ना."

"आणि अक्षर बघा. एक खाडाखोड नाही. एक ऱ्हस्व-दीर्घ चुकलेलं नाही. मुलांच्या लिखाणात चूक नसली की मला धडकीच भरते. इथे नक्की पाणी मुरतंय."

अक्षर खरोखरच बघण्यासारखं होतं. टपोरं, एका उंचीचं, प्रत्येक वेलांटी दुकानाच्या पाटीवर असते तशी. मालकांनी पुढच्या खोलीतून ओरडून विचारलं, "अहो, मागच्या वेळी चुका होत्या म्हणून फसलो, या वेळी चुका नाहीत म्हणून संशय! मुलांनी लिहायचं तरी कसं?" बाई म्हणाल्या, "मुलांनी लिहायचं. एवढंच म्हणणं आहे माझं."

शेवटी मालकांनी मुलीला बोलावून घेतलं. ती मामाबरोबर आली. मामा पेंटर होता, दुकानांच्या पाट्या रंगवायचा. त्याच्या नखांत निळा रंग होता. भाची त्याच्या मागे अर्धी लपलेली, वेणीचं टोक तोंडात.

"अक्षर कोणाचं?" बाईंनी बसा-बिसा काही न म्हणता विचारलं.

"माझं," मामा म्हणाला. "तिचं अक्षर कोणाला लागत नाही. म्हणून आम्ही म्हटलं, स्वच्छ लिहून काढू."

"आम्ही म्हणजे?"

"म्हणजे मी लिहिलं. म्हणजे तिने लिहिलं, मी काढलं."

"आणि शुद्धलेखन?"

"ते मीच सुधारलं. पाटीवर चूक झाली तर गिऱ्हाईक सोडत नाही, बाई. सवय लागलीय."

"मग तिचे मूळ कागद कुठे आहेत?"

मामाने मान खाली घातली. "ते... त्यांना मी ब्रश पुसले. लिहून झालं होतं ना."

बाईंनी माझ्याकडे बघितलं. बघा, असं ते बघणं होतं. आणि खरं सांगायचं तर माझ्याही मनात क्षणभर आलंच, हा बाबा ताकास तूर लागू देत नाही.

मग बाई मुलीकडे वळल्या. त्यांनी कोरा कागद आणि पेन्सिल तिच्यापुढे ठेवली. "चार ओळी लिही बघू. काहीही." मुलीने कागदाकडे बघितलं, पेन्सिलीला हात लावला नाही. "बरं, मला सांग, बटण कारखान्याच्या फाटकापाशी का थांबते? पुढे तर काही होत नाही तिथे."

"माहीत नाही," मुलगी म्हणाली.

"लिहिणारीला माहीत नाही?"

"ती थांबली."

मला हे उत्तर फार आवडलं. माझ्या हातूनही कधीकधी चित्रात एखादं मांजर येऊन बसतं, का ते मला कुठे माहीत असतं? पण बाईंच्या कपाळावर आठी उमटली. त्या पुढे वाकल्या आणि हळू आवाजात म्हणाल्या, "हे खरंच तू लिहिलंस?"

मुलीने वेणी तोंडातून काढली. तोंड उघडलं. आणि मिटलं. ती टेबलाखालच्या गठ्ठ्यांकडे बघत राहिली.

"लाजते ती," मामा घाईने म्हणाला. "चार माणसांत बोलायला लाजते. घरी नुसती टकळी चालू असते." मग जिन्यात मला एकट्याला गाठून म्हणाला, "अहो, सगळीकडून हे असंच परत आलंय. सगळे म्हणतात, मोठ्या माणसाने लिहिलंय. तुमच्याकडूनही परत आलं तर आपण पुन्हा लिहिणार नाही, असं म्हणाली काल. आणि ती हट्टी आहे हो. नाही म्हणजे नाही." पाट्या रंगवणारा धिप्पाड माणूस, जिन्यात उभा राहून डोळे पुसत होता. नाटक असेल तर फार चांगलं होतं.

मालकांनी मधला मार्ग काढला. शाळा उघडण्याआधी पुस्तक यायला हवं होतं, म्हणून टाइप करायला घ्यायचं. पण शेवटच्या मुद्रितावर बाईंची सही झाली तरच छापायचं, नाहीतर सगळं मामाच्या हातात परत. म्हणजे त्या पोरीचं लिहिणं आता बाईंच्या पेन्सिलीच्या टोकावर येऊन थांबलं.

बाईंनी ते हस्तलिखित ऑपरेटरकडे देण्याआधी पुन्हा वाचायला घेतलं. वाचताना त्या चिडत होत्या हे मला दिसत होतं. लिखाण वाईट असतं तर प्रश्नच मिटला असता. ते चांगलं होतं आणि पान उलटलं की आणखी चांगलं होत होतं. मध्येच त्या स्वतःशी हसल्या, लगेच इकडेतिकडे बघितलं आणि चेहरा सरळ केला. शेवटी एका ठिकाणी समासात त्यांनी काहीतरी खसाखसा लिहिलं, पेन्सिलीचं टोक मोडलं, त्या टोक काढायला खिडकीशी आल्या आणि तिथून मालकांनी त्यांना पुढच्या खोलीत बोलावलं. गोल काढायचा राहिला. जन्मभर जगावर संशय घेतलेल्या बाईंना आपल्या पेन्सिलीचा संशय आला नाही.

ऑपरेटरने टाइप केलं. मुद्रितांच्या दोन प्रती निघाल्या, एक बाईंना, एक रिवाजाप्रमाणे लेखिकेच्या घरी. दुसऱ्या दिवशी बाई वाचायला बसल्या आणि दुपारी ताडकन उठल्या.

"सापडला!" त्या म्हणाल्या. "म्हटलं नव्हतं? हे वाक्य मूळ हस्तलिखितात नव्हतं. मला पाठ आहे सगळं. मामाने मागून घुसडलंय!"

बटण शेवटच्या प्रकाशकाकडे जाते, तो प्रसंग होता. मुळात असं होतं: 'त्यांनी पानं उलटली. चष्मा पुसला. मग म्हणाले, ठेवून जा.' आता मध्ये एक वाक्य आलं होतं. 'त्यांनी पानं उलटली. चष्मा पुसला. हे खरंच तू लिहिलंस? खरं सांग. मग म्हणाले, ठेवून जा.'

"बसलंय मात्र छान," मी म्हटलं.

"छानच असणार. मोठ्या माणसाने घातलेलं आहे!"

ऑपरेटरने हस्तलिखिताचा गठ्ठा काढला, ते पान शोधलं आणि बाईंपुढे धरलं. समासात बाईंच्या हातची ओळ होती. हे खरंच तू लिहिलंस? खरं सांग. गोल नव्हता.

"मी वाचत नाही," ऑपरेटर म्हणाला. "गोल नसेल तर टाइप करतो."

बाईंचा चेहरा तोंडात मारल्यासारखा झाला. त्या खुर्चीत बसल्या. इतकी वर्षं दुसऱ्यांच्या चुका धरणाऱ्या बाईंना मी पहिल्यांदा अपराधी बघत होतो आणि मला वाटलं होतं तशी मजा मुळीच आली नाही. त्या पुटपुटल्या, "ती प्रत गेली तिच्या घरी. ते वाचलं असेल तिने." मग लगेच सावरल्या. "जाऊ दे. आता कळेलच. मामा लिहिणारा असेल तर तो हे वाक्य खोडून पाठवेल. त्याने स्वतः लिहून काढलंय, त्याला जास्तीचं वाक्य दिसणारच."

"आणि मुलगी लिहिणारी असेल तर?"

"तर तीही खोडेल," बाई म्हणाल्या. आणि मग त्यांच्या लक्षात आलं की यातून काहीच कळणार नाही. त्या दिवशी त्यांनी कुलूप एकदाच ओढून बघितलं. मला ते बरं वाटलं नाही.

लेखिकेकडची प्रत परत आली ती मामाच आणून देऊन गेला. बाई बाहेर गेल्या होत्या, म्हणून माझ्याकडे देत म्हणाला, "तुमच्याकडून एक वाक्य जास्तीचं आलंय. मी खोडणारच होतो. पण तिने हात धरला माझा. म्हणाली, राहू दे, त्यांनी बरोबर ठिकाणी विचारलंय. आणि खाली स्वतःच काहीतरी लिहिलं. सुधारू का म्हटलं तर हात लावू नकोस म्हणाली."

बाई आल्या. त्यांनी पान काढलं. मी मागे उभा राहून वाचत होतो, तरी त्यांनी पहिल्यांदाच पान झाकलं नाही.

त्या वाक्याखाली पेन्सिलीने लिहिलं होतं. अक्षर खरोखरच कोणाला न लागण्यासारखं, ओळ एका बाजूला घसरत गेलेली: 'बटणला हो म्हनायचं होतं. पन हो हा शब्द कीती लहान आहे. एवढया मोठया प्रश्नाला तो पुरनार नाही, असं तीला वाटलं. म्हणून ति गप्प बसली.'

खोलीत ऑपरेटरची बोटं तेवढी वाजत होती.

"बघा, आता तरी?" मी म्हटलं.

"थांबा हो," बाई म्हणाल्या. सवय इतकी सहज सुटते होय? "मामाने डाव्या हाताने लिहिलं नसेल कशावरून? चुका घालता येतात. मागे घातल्याच होत्या की." त्यांनी पान खिडकीपाशी नेलं. "पण त्या कवितावाल्या वडिलांच्या चुका नेमाने होत्या. एकदा चुकवलेला शब्द शेवटपर्यंत तसाच चुकलेला. हिने 'म्हनायचं' लिहिलंय आणि खाली 'म्हणून' बरोबर. 'तीला' दीर्घ आणि 'ति' ऱ्हस्व. दोन्ही उलट! एवढं लहरी चुकणं मोठ्या माणसाला नाही जमणार." मग त्या थांबल्या. पुढचं त्या माझ्याशी बोलत नव्हत्या. "आणि मामा म्हणाला होता, लाजते. त्याला तेवढंच माहीत आहे. हे त्याला माहीत असतं तर त्याने त्या दिवशीच सांगितलं नसतं का?"

त्यांनी चष्मा काढला. पुसला. पुन्हा घातला. मग ती ओळ दुरुस्त करायला बसल्या. प्रत्येक ऱ्हस्व, प्रत्येक दीर्घ, प्रत्येक न आणि ण, इतक्या हलक्या हाताने की खालचं मुलीचं अक्षर तसंच दिसत राहावं. आपलं वाक्य त्यांनी खोडलं नाही. त्याला फक्त अवतरणचिन्हं दिली, म्हणजे ते प्रकाशकाच्या तोंडी पक्कं झालं. शेवटच्या पानावर सही केली. सहीच्या शेजारी, सवयीने, प्रश्नचिन्ह काढायला हात गेला तो त्यांनी मागे घेतला, हे मी माझ्या डोळ्यांनी बघितलं.

पुस्तक शाळा उघडण्याआधी आलं. मुखपृष्ठावर मी बटणला कारखान्याच्या फाटकापाशी उभं केलं होतं. का ते मला माहीत नाही.

मुलगी आपली प्रत घ्यायला आली. मामा पुढच्या खोलीत मालकांशी बोलत होता, ती एकटीच मागे आली. या वेळी वेणी पाठीवर होती. तिने पुस्तक उघडलं, बरोबर ते पान काढलं आणि बाईंच्या टेबलावर ठेवून त्या ओळीवर बोट ठेवलं.

"मामा म्हणतो, हे वाक्य तुमचं आहे."

बाईंनी त्या बोटाखालच्या ओळीकडे बघितलं.

"हे खरंच तुम्ही लिहिलंत?" तिने विचारलं. त्यात खोच नव्हती. तिला खरोखर जाणून घ्यायचं होतं.

मी हातातला ब्रश खाली ठेवला. बाईंकडे सांगण्यासारखं पुष्कळ होतं. गोल राहिला, हे होतं. तो जुना कवितासंग्रह होता, टेबलाखालचे गठ्ठे होते. कदाचित ते दुसऱ्याने लिहिलेलं पत्रही असेल. त्यांनी तोंड उघडलं.

"हो," बाई म्हणाल्या. आणि गप्प बसल्या.

मी वाट बघत होतो की ही पोरगी आता आणखी काही विचारेल, खरं सांगा म्हणेल. बाईही वाट बघत असाव्यात, कारण त्यांनी पदराचं टोक घट्ट धरलं होतं. पण मुलीने मान डोलावली, पुस्तक मिटलं आणि छातीशी धरलं. तिने लगेच विश्वास ठेवला होता.